देखाव्यातले चाळीस सेकंद आणि परंपरेचा दाखला

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, भाषण स्वातंत्र्यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेचं सुप्रीम कोर्टसुद्धा आता हक्कांचा अर्थ लावताना इतिहास आणि परंपरा बघतं, मग आपल्याकडं तर केवढी मोठी परंपरा आहे, तर कोणी काय बोलावं आणि काय बोलू नये हे पण आपल्या परंपरेच्या चौकटीतच बघायला पाहिजे. पत्र मनापासून लिहिलेलं होतं म्हणून दोनदा वाचलं आणि वाचून अस्वस्थ झालो, कारण हेच शब्द, परंपरेची चौकट, मी गेल्या गणपतीत पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसून ऐकलेत.

मी वकील नाही. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, आणि गेली एकोणीस वर्षं आमच्या गावभागातल्या मंडळाच्या जिवंत देखाव्याची स्क्रिप्ट लिहितो. कोर्टाचे निकाल मंडळातल्या एका वकील मित्राकडून मागून घेऊन वाचतो, कळलं नाही तर त्यालाच विचारतो. त्यामुळं जे लिहितोय ते शिकवायला म्हणून नाही, अंगावर आलं म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी आम्ही आगरकर घेतले. टेंभू म्हटलं की आमच्या जिल्ह्यात माणसाला पाणी आठवतं, खानापूर आटपाडीला गेलेली उपसा योजना आठवते, पण कराडजवळचं तेच टेंभू गोपाळ गणेश आगरकरांचं गाव, १८५६ चा जन्म त्यांचा, हे मंडळातल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. पहिल्या सीनमध्ये पुण्यातला तो प्रसंग होता, आगरकर जिवंत असताना सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली तो. विधवांचं केशवपन बंद करा, मुलींना शिकवा, लग्नाचं वय वाढवा, एवढंच तो माणूस १८८८ पासून 'सुधारक' मध्ये लिहीत होता. आमची तिरडी वेळूची होती, खांदेकरी चार, पुढं मडकं धरलेला एक, आणि बाजूला खिडकीत उभा राहून स्वतःचीच तिरडी बघणारा आगरकर, अकरावीतला पोरगा, काय सुंदर उभा राहायचा तो. दुसरा सीन आजचा. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, आमच्या सांगलीपासून काही लांब नाही, तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, आणि दोन आठवड्यांत सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण तसं करायला सांगितलं. आगरकरांनी जे लिहिलं त्याला एवढ्या वर्षांनी एका गावानं हात वर करून हो म्हटलं, एवढाच आमचा विषय होता.

देखाव्याला आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतो आणि पोरं त्यावर ओठ हलवतात, हे बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सोळा मिनिटांचा ट्रॅक, स्टुडिओचे पैसे वर्गणीतून. परवानगीच्या अर्जाबरोबर स्क्रिप्ट जमा करायला सांगितली होती, केली. गणपती बसायच्या आदल्या दिवशी बोलावणं आलं. काही लोकांनी तोंडी तक्रार केली होती म्हणे. साहेब चांगले बोलले, खोटं कशाला सांगू, चहा पण दिला. म्हणाले आगरकर दाखवा, इतिहास आहे, त्याला कोण नाही म्हणतंय, पण हा दुसरा सीन आजचा आहे, लोकांच्या घरातल्या रूढीवर आहे, बायाबापड्या बघायला येतात, तुम्ही परंपरेच्या चौकटीत काय ते करा. मी विचारलं कुठल्या कलमाखाली, तर म्हणाले कलम कशाला मध्ये आणताय, सणवार आहे, १४९ ची नोटीस द्यायला लावू नका. (गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस आधीच जी नोटीस देतात तिचं हे कलम, आता नव्या कायद्यात १६८ झालंय पण सगळे जुन्याच नंबरनं बोलतात.) लेखी काही दिलं नाही. हमीपत्र मात्र आमच्याकडून लिहून घेतलं.

नवीन रेकॉर्डिंगला वेळ नव्हता. मग साऊंडवाल्यानं दुसऱ्या सीनमधल्या त्या विधवा सुनेच्या बोलण्यावरचा आवाज शून्य केला. चाळीस सेकंद. तिचं वाक्य असं होतं, "कुंकू मी लहानपणापासनं लावत आले, हे लग्नात मिळालेलं न्हाई, मग त्यांच्यासंगं जायचं कसं?" ती पोरगी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, तिनं उभं राहून पूर्ण वाक्य ओठांनी म्हटलं, पाच रात्री, रोज सहा शो, आणि स्पीकरमधनं फक्त जनरेटरचा आवाज. दोरीपलीकडून लोक ओरडायचे, ए आवाज गेला की रं, आवाज वाढवा.

आता त्या पत्रातल्या मुद्द्याकडं येतो.

पहिलं अमेरिकेचं. तिथल्या कोर्टानं २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदुकीच्या लायसन्सच्या केसमध्ये इतिहास आणि परंपरेची कसोटी लावली हे खरंय. पण ती कशी लावली ते बघा की. सरकारला जर एखादं बंधन घालायचं असेल तर असं बंधन पूर्वीपासून चालत आलंय हे सरकारनं दाखवायचं, नाही दाखवता आलं तर बंधन गेलं. बोलण्याच्या बाबतीत पण तसंच, २०१० मध्ये प्राण्यांच्या छळाच्या व्हिडिओंवर बंदी घालणारा कायदा त्यांनी रद्द केला आणि सांगितलं की बोलण्याचे नवेनवे प्रकार संरक्षणातून बाहेर काढायचा अधिकार सरकारला आपोआप मिळत नाही, इतिहासात जे प्रकार आधीपासून बाहेर होते तेवढेच. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा लहान मुलांना मारामारीचे व्हिडिओ गेम विकण्यावरचा कायदा गेला तो पण याच वाटेनं. म्हणजे तिथं परंपरेचा दाखला आणायचं ओझं बंदी घालणाऱ्याच्या डोक्यावर आहे, बोलणाऱ्याच्या नाही. पत्रलेखकांनी नेमकं ते उलटं करून घेतलं. ती पद्धत सगळी बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही, तिथले न्यायाधीशच त्यावर आपापसात भांडतात.

आणि परंपरा म्हटली तरी कुठली घ्यायची? त्यांची ती प्रसिद्ध पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, आणि १७९८ मध्ये, सात वर्षांत, त्याच लोकांनी कायदा केला की सरकारवर, अध्यक्षावर बदनामीकारक लिहिलं तर तुरुंग. लोक खरंच तुरुंगात गेले. १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली, नवे अध्यक्ष जेफरसन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. आता नुसतं जुनं तेच खरं म्हणायचं तर तो कायदा पण जुनाच आहे की. १९६४ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या केसमध्ये हा प्रश्न आला तेव्हा कोर्टानं म्हटलं की तो कायदा कोर्टात कधी तपासला गेला नाही, पण इतिहासाच्या न्यायालयात तो हरलेला आहे. मला हे फार आवडलं. पूर्वी कोणी काय केलं हे बघून ते थांबले नाहीत, पूर्वी केलेलं लोकांना पुढं चूक वाटलं का तेही बघितलं.

आपल्याकडं तर हे आणखी जवळचं आहे. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतापगड आहे. १६५९ ला तिथं काय झालं ते शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. जून १८९७ मध्ये केसरीत शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आला, त्यात अफझलखान वधावर झालेल्या भाषणांचा मजकूर होता, आणि त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. म्हणजे खटला झाला तो इतिहासावर बोलल्याबद्दल! सरकारचं म्हणणं की हा इतिहास नाही, हे आजच्या राज्याबद्दल आहे, अडीचशे वर्षांपूर्वीचं सांगून तुम्ही आजचं सुचवताय. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या अप्रीती या शब्दाचा अर्थ ज्युरीला काय सांगितला, तर प्रीती नसणं. सरकारवर तुमचं प्रेम नाही एवढंच सिद्ध झालं तरी गुन्हा. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष म्हणाले, अठरा महिने सक्तमजुरी झाली. दुसऱ्या वर्षी राजद्रोहाच्या या १२४ अ कलमाचे शब्दच सरकारनं बदलून आणखी रुंद करून घेतले. साहेबांनी मला जे सांगितलं, इतिहास दाखवा पण आजचं नको, ते ऐकताना मला हीच केस आठवत होती आणि मी काही बोललो नाही, हे आता लिहिताना पण टोचतं.

त्या स्ट्रॅचीच्या अर्थाचं पुढं काय झालं ते खरं तर सगळ्यांनी वाचायला पाहिजे, कारण इतिहास कोर्टात कसा वापरायचा याचं त्याहून चांगलं उदाहरण मला तरी दिसलं नाही. १९४२ मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टानं, सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, बंगालमधल्या एका केसमध्ये सांगितलं की सरकारवर कडक बोललं म्हणजे राजद्रोह नाही, त्यातून अशांतता माजवायचा हेतू किंवा कल पाहिजे. १९४७ मध्ये तेव्हा सगळ्यात वरचं कोर्ट असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं भालेराव नावाच्या एका मराठी माणसाच्या खटल्यात हे खोडून काढलं, नाही म्हणाले, टिळकांच्या केसमध्ये जो अर्थ लावला तोच बरोबर. मग स्वातंत्र्य आलं, घटना आली, आणि १९६२ मध्ये केदारनाथ सिंह यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांसमोर दोन्ही अर्थ होते. दोन्ही जुने, दोन्ही वरच्या कोर्टाचे. नुसत्या परंपरेवर चाललं असतं तर प्रिव्ही कौन्सिलचा शेवटचा शब्द घेतला असता, तीच त्या वेळची चालत आलेली रीत. पण त्यांनी फेडरल कोर्टाचा घेतला, कारण घटनेतल्या भाषण स्वातंत्र्याच्या १९ व्या कलमाशी तोच जुळत होता. कलम त्यांनी रद्द केलं नाही, केदारनाथची शिक्षा पण राहिली, ते मला पटत नाही, पण इतिहासातून काय उचलायचं हे हक्काकडं बघून ठरवलं हे महत्त्वाचं. २०२२ मध्ये कोर्टानं १२४ अ थांबवलं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द गेला आणि १५२ कलम आलं, त्याचा अर्थ कोर्ट कसा लावतंय ते आता बघायचं.

घटना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राजद्रोहाचे हे जुने खटले होते. मसुद्यात राजद्रोह हा शब्द होता, डिसेंबर १९४८ च्या चर्चेत कन्हैयालाल मुन्शींनी तो गाळायची दुरुस्ती मांडली आणि तो गाळला. टिळक, गांधी ज्या शब्दाखाली तुरुंगात गेले तो शब्द हक्काच्या बंधनात नको म्हणून. हा इतिहास. हक्क का लिहिला गेला, कुठल्या जखमेवर लिहिला गेला, ते सांगणारा. हा इतिहास न बघता १९ वं कलम वाचताच येत नाही असं माझं मत आहे, त्यामुळं मी इतिहासाच्या विरोधात आहे असं त्या गृहस्थांनी कृपा करून समजू नये.

आणि १९ (२) मध्ये या हक्कावरची बंधनं दिलीत. मोजली तर आठ आहेत. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. यातली काही १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत घातलेली, एक १९६३ मध्ये. दोन वेळा दुरुस्ती झाली, दोन्ही वेळा परंपरा हा शब्द घालायचं कोणाला सुचलं नाही. उलट १३ वं कलम वाचा. हक्कांशी न जुळणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, आणि कायदा म्हणजे काय तर त्यात कायद्याचा जोर असलेली रूढी आणि वहिवाट पण धरलीय. म्हणजे रूढीला हक्कासमोर उभं करून तपासायचं, असं घटनेतच लिहिलंय. ज्यांच्या हाताखाली हा मसुदा झाला ते बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले होते, रूढी काय असते हे त्यांना पुस्तकातनं वाचायची गरज नव्हती. १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळानं त्यांना जातीवर भाषणाला बोलावलं आणि आधी छापलेलं भाषण वाचून म्हणाले यातलं काही काढा, तर बाबासाहेबांनी कळवलं एक स्वल्पविराम पण बदलणार नाही. सभाच रद्द झाली, त्यांनी भाषण स्वतः छापून काढलं. मी तर चाळीस सेकंद दिले.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण सांगलीत राहून ती लपवणं बरोबर नाही. २००९ च्या गणपतीत मिरजेत कमानीवरच्या चित्रावरनं दंगल पेटली, कर्फ्यू लागला, सांगली इचलकरंजीपर्यंत झळ पोचली. माझ्या दुकानाचं शटर किती दिवस बंद होतं ते मला आठवतं, हमाल लोकांच्या घरी चूल कशी पेटली ते पण आठवतं. त्यामुळं बंदोबस्तावरच्या माणसाला गणपतीत धास्ती असते ती खोटी नाही, शांतता समितीच्या बैठकीत आम्हीच जाऊन बसतो. पण सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण घटनेत आहे ना, मग ते कारण घ्या, लेखी लिहा की अमुक वाक्यानं अमुक ठिकाणी गडबड होण्याचा धोका आहे, मी त्याला उत्तर देईन. १९८९ च्या रंगराजन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीसारखा जवळचा पाहिजे, लांबचा, कल्पनेतला चालणार नाही, आणि कोणी दंगा करीन म्हणतो म्हणून सरकारनं बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं नसतं. एका समाजाला दुसऱ्यावर घालणारं चित्र आणि एका सुनेनं कुंकवाबद्दल विचारलेला प्रश्न, हे दोन्ही एकाच पोत्यात कसे बांधता येतील? परंपरा म्हटलं की पोतं एकच होतं, कारण मग काही सिद्धच करावं लागत नाही.

परंपरा, परंपरा म्हणताना आपल्या मुलखाची परंपरा तरी काय आहे ते बघूया. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी गावच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात, बोरीचा बार म्हणतात, हलगी वाजते, बघायला आसपासची गावं लोटतात, पोलीस बंदोबस्ताला असतात. वर्षातला एक दिवस बाईला वाटेल ते मोठ्यानं बोलायची मुभा, ही परंपराच आहे. आमच्याकडं तमाशात सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, फौजदाराची त्यांच्या तोंडावर टर उडवायचा आणि तेच पुढच्या रांगेत बसून हसायचे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळू कवलापूरचे, सगळे आमच्याच जिल्ह्यातले. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली ती परंपरा, आणि ती गाथा आज ज्या गावात टाळ आहे त्या गावात म्हटली जाते ती पण परंपरा. आगरकरांची तिरडी उचलणारे खांदेकरी परंपरेतले होते, आणि खिडकीतला आगरकर परंपरेतला नाही असं कोण म्हणेल? गार्गी प्रश्न विचारत होती तिथपासनं ही रांग आहे.

आणि सांगलीची गोष्ट तर आम्ही विसरूच शकत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटक उभं केलं, त्याच सांगलीत १८७२ ला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. १९०७ मध्ये त्यांचं कीचकवध आलं. गोष्ट महाभारतातली, द्रौपदीची विटंबना, भीमाचा राग, त्यात एक इंग्रज नाही. लोकांनी बघितलं आणि कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला कर्झन हे कोणी न सांगता ओळखलं. १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा तयारच होता. मला यातून एवढंच दिसतं की जुन्या गोष्टीतून आजचं बोलणं हीच आमच्या गावच्या रंगभूमीची रीत आहे, आणि जुनं दाखवा पण आजचं बोलू नका हे त्या काळी सरकारचं म्हणणं होतं. नाट्यपंढरी अशी पाटी लावायची आणि हे म्हणणं आपलं म्हणून घ्यायचं, हे कसं जमणार.

कोर्टाचं पण सगळंच मला पटतं असं नाही. गांधीजींवरच्या एका मराठी कवितेवर अश्लीलतेची केस होती, तिचा निकाल सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये दिला, १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात ती कविता छापली होती. छापणाऱ्यानं माफी मागितली होती म्हणून त्याची सुटका झाली, कवीवरचा खटला मात्र चालू ठेवला, आणि कोर्टानं म्हटलं की इतिहासातली आदरणीय व्यक्ती असेल तर अश्लीलतेची कसोटी आणखी कडक लागेल. आदर मला पण आहे. पण आदरणीय कोण याची यादी कोण करणार, आणि ज्याचं नाव त्या यादीत गेलं त्याच्याबद्दल नवीन काही लिहायचंच नाही का? महाराष्ट्रात तर निम्मं वाङ्मय महापुरुषांशी बोलतच लिहिलं गेलंय, त्यांच्याशी भांडत पण. असा नियम खाली पोलीस स्टेशनपर्यंत झिरपत येतो तेव्हा त्याचं फक्त परंपरेची चौकट एवढंच उरतं. त्यापेक्षा २०२५ च्या मार्चमधला निकाल बघा, तो पण एका कवितेवरचाच, इम्रान प्रतापगढी यांच्या केसमधला. तिथं कोर्टानं नागपूर हायकोर्टाचा स्वातंत्र्याच्या आधीचा एक निकाल काढला आणि सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या शहाण्या माणसाच्या नजरेनं मोजायचा, प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या डळमळीत माणसाच्या नजरेनं नाही. जुनाच दाखला आहे, आणि किती उपयोगी.

साताऱ्याच्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. परंपरेचा अपमान हा शब्द त्यांच्याबद्दल आयुष्यभर वापरला गेला. ते वारकरी संतांचे दाखले देऊन बोलायचे, तरी. म्हणून हा शब्द कोणी सहज उच्चारला की मला भीती वाटते, राग नाही, भीती.

एक गोष्ट सांगायची राहिली. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडव उतरवायला उभा होतो. आमच्याच गल्लीतल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, कपाळ मोकळं, दूध घेऊन चालल्या होत्या. थांबल्या आणि विचारलं, "त्या शेवटच्या पोरीचं काय व्हतं रं बोलणं? मी तीनदा बघितलं, तीनदा आवाज न्हवता." मी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "परत म्हण." मी परत म्हटलं. मग पिशवी उचलून गेल्या. या बायाबापड्यांच्या भावना दुखावतील म्हणून ते वाक्य काढायला लावलं होतं.

यंदा तोच दुसरा सीन पूर्ण घ्यायचं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलंय, सगळ्यांनी हात वर केले, दोघं तिघं गप्प राहिले पण नाही म्हणाले नाहीत. स्क्रिप्ट यावेळी दोन महिने आधी जमा करणार आहोत, पोच घेणार आहोत, आणि काही काढायचं असेल तर १९ (२) मधल्या आठपैकी कुठल्या कारणानं ते लेखी द्या अशी ओळ अर्जातच टाकलीय, वकील मित्रानं बघून दिलीय. तुमच्या त्या पत्रलेखकांना माझं आग्रहाचं आमंत्रण आहे, त्यांनी देखावा बघायला यावं, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो. पत्र लांबलं, कापायचं असेल तर अमेरिकेचं कापा, आजींचं ठेवा.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली